गरम पाण्यातलं व्हिटॅमिन

...आणि वर सासरे म्हणतात कसे, ‘जावईबापू, तुमच्या हाताला गुण नाही!’ अहो, मासे वाकडे निघाले त्यात माझ्या हाताचा काय संबंध? तुम्हाला सांगतो, तळं सासऱ्यांचं, राबणारा मी, आणि अट अशी की पुढची पिल्लंही वाकडी निघाली तर तळं बंद, आणि मी मेव्हण्याच्या दुकानात काउंटरवर. मेव्हण्याच्या हाताखाली! त्यापेक्षा मी तळ्यात राहीन.

माशांचा डॉक्टर आला. एक मासा उचलला, पाठीवरून बोट फिरवलं. ‘व्हिटॅमिन सी कमी पडतंय. हे वाकलेत ते वाकलेत, पण नव्या पिल्लांना खाद्यातून पावडर द्या.’ आणली. सासरे म्हणाले, ‘द्या की. पण आपल्या पद्धतीनं.’ आता आपली पद्धत काय? तीस वर्षं हा माणूस माशांचं खाद्य उकळत्या पाण्यात भिजवतोय! का? तर ‘गरम अन्न अंगी लागतं.’ अहो, मासा आहे हो, जावई नाही! आणि जावई तरी कुठं गरम खातो? सकाळचं गार खातो ना मी रोज.

महिनाभर पावडर घातली, वर वाफाळतं पाणी. पिल्लं पुन्हा वाकडीच. मी मेव्हण्याच्या दुकानात जाऊन काउंटर बघूनसुद्धा आलो... नको, तो विषय नको. हातापाया पडून सासऱ्यांकडून एक शेवटची खेप मागून घेतली. डॉक्टरांनी एकदा पातेल्यातली वाफ बघितली आणि डोक्याला हात लावला. ‘अहो, हे व्हिटॅमिन उकळत्या पाण्यात टिकतं का? तेलात कालवा, खाद्याच्या गोळ्यांना चोळा, सावलीत वाळवा.’

सासऱ्यांना न दिसणारी सावली कुठं? आमच्या पलंगावर! बायको म्हणते, ‘तुम्ही खाली झोपा, गोळ्यांना ओल लागेल.’ मासा आहे हो, जावई नाही! पाठ धरली माझी. आणि खरं सांगतो, पुढची पिल्लं सुतासारखी सरळ निघाली. ओंजळीत घेऊन रडलो मी. डोळ्यांत तेल गेलं होतं, पण रडलो.

व्यापारी आला, म्हणाला, ‘वा, काय मासा आहे!’ सासरे मिशीवर हात फिरवत, ‘तीस वर्षं गरम खाऊ घालतोय.’

मी काय केलं असेल? मान हलवली. तळं राहिलं ना!

आता रोज सकाळी पातेलंभर पाणी उकळतो, सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत उचलून नेतो, आणि मागच्या दारी जाऊन त्यानं अंघोळ करतो. व्हिटॅमिन माशांना, मान सासऱ्यांना, आणि गरम पाणी तेवढं जावयाला.