अंगूजा

"मन, तू, ऊ. मा, शुमा, ईशान."

वीस मुलं एका सुरात फारसी सर्वनामं घोकताहेत आणि मौलवीसाहेब लाकडी रुळाने मेजावर ठेका देताहेत. पंचावन्न वर्षांपूर्वीचा हा आवाज गेले आठ दिवस माझ्या कानांतून जात नाही. म्हणून तो आधी तुमच्या कानांवर घातला आणि संबोधन मागे राहिलं. आता करतो.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय अनंतरावजी, मुद्दाम बबीन्याहून आलेले प्रमुख पाहुणे शिवाजीरावजी, आपल्या समाजाचे चिटणीस विद्याधर, समोर बसलेल्या माताभगिनी आणि बंधू, आणि मागे उभी असलेली, मराठी समजणारी पण हिंदीत उत्तर देणारी आपली तरुण मंडळी, सर्वांना या म्हाताऱ्या मास्तराचा नमस्कार.

तुम्ही मला शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललात की क्षणभर वाटलं, हा कोण मनुष्य, एकदा भेटलं पाहिजे. शिवाजीरावजी म्हणाले, "मधुसूदन मास्तर म्हणजे झाशीतल्या मराठी माणसांत फारसी जाणणारा शेवटचा मनुष्य." टाळ्या झाल्या. त्याच वेळी मी पाण्याचा पेला उचलला. पाणी शालीवर सांडलं, ते काहींनी पाहिलं असेल. सरलेने पाहिलं. पुढच्या रांगेतून तिने डोळ्यांनीच विचारलं, काय होतंय? सरला, मला भीती वाटते आहे. उद्या सकाळच्या गाडीने आपण दोघं नागपूरला, मुलाकडे, कायमचे जाणार. म्हणजे बोलायला मला ही एवढी संध्याकाळच उरली आहे.

तर फारसी. आमच्या लहानपणी खंडेराव गेटाच्या आसपासच्या घरांत हे नवल नव्हतं. कुणाचे पणजोबा दप्तरदार, कुणाचे आजोबा कचेरीत. मुलाने संस्कृत देवासाठी शिकावं आणि फारसी पोटासाठी, असा साधा विचार. मी पोटासाठी गेलो आणि गझलेत अडकलो. मौलवीसाहेब शिकवायचे तेव्हा वर्गाच्या फुटक्या कौलांतून पडणारं ऊन मला शीराजच्या बागेतलं वाटायचं. प्याला, साकी, शमा, परवाना. आम्ही पोरं एकमेकांना कोपर मारून हसायचो. मौलवीसाहेब रुळाचा ठेका थांबवून म्हणायचे, "हँस लो बेटा. ये शराब पीने की नहीं है, समझने की है. और तुम्हारी उमर न पीने की है, न समझने की."

त्यांनी एक गोष्ट पक्की बिंबवली होती. फारसीचा कवी दरबारात उभा राहून बादशहाची स्तुती करतो, घरी येऊन प्रेयसीची करतो, पहाटे उठून परमेश्वराची करतो. आणि शब्द तिन्ही ठिकाणी तेच असतात. तीच जुल्फ, तोच गालावरचा तीळ, तोच कस्तुरीचा दरवळ. मग हे कुणाला उद्देशून आहे ते ओळखायचं कसं? त्या भाषेत 'तो' वेगळा आणि 'ती' वेगळी नाही. दोघांनाही 'ऊ'. देवालाही 'ऊ', राजालाही 'ऊ'. मराठीत मात्र तोंड उघडलं की ठरवावं लागतं, तो की ती. मी परीक्षेत धडाधड ठरवत असे. मौलवीसाहेब समासात लाल शाईने लिहीत, "जल्दी क्या थी?"

जल्दी काय होती. अध्यक्षमहाराज, हाच प्रश्न घेऊन मी आज उभा आहे.

हरिभाऊ मुनशी तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असतील. कचेरीत कारकून, अंगात बंद गळ्याचा कोट, बोलणं मोजकं. रोज संध्याकाळी ओसरीवर बसून एका जाड वहीत फारसी अक्षरांत काहीतरी लिहायचे. अशा कवितेच्या वहीला बयाज म्हणतात. ती त्यांनी कुणाला दाखवली नाही. एकावन्न साली ते गेले आणि महिन्याभराने भानुमतीकाकूंनी मला बोलावणं पाठवलं. काकू माजघरात तांदूळ निवडत बसल्या होत्या. बयाज पाटावर ठेवली होती, वर एक तुळशीचं पान.

म्हणाल्या, "मधुजी, तुम्हाला ही लिपी येते म्हणे. यांनी तीस वर्षं रोज काय लिहिलं, ते मला एकदा ऐकायचंय. स्तोत्रं असतील तर स्तोत्रं, पत्रं असतील तर पत्रं."

मी तेहतीस वर्षांचा. नुकता कायम झालेला मास्तर. फारसी वाचून दाखवा असं झाशीत मला पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं. मी डोळे मिटून, मान डोलावून सुरुवात केली. वाचायचं फारसीत आणि लगेच मराठी करायचं. "ती आली की दिवा लाजतो. तिच्या पावलांनी अंगण जागं होतं." ती, तिचं, तिला. मराठी कानाला गोड लागतं म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

तांदळाचा आवाज थांबला.

"ती कोण?"

"काकू, कवितेत असं असतं."

"कवितेत काय असतं ते असू दे. यांच्या कवितेत कोण आहे, ते विचारते."

मी सांगू शकलो असतो, काकू, हा 'ऊ' कुणीही असेल, परमेश्वर असेल, तुम्ही असाल. पण मी गोंधळलो आणि गोंधळ लपवायला पान उलटलं. पुढचा शेर असा होता: दरबाराला कस्तुरी लखलाभ असो, मला त्या हातांचा अंगूजा पुरे.

"अंगूजा म्हणजे काय?"

मंडळी, मला ठाऊक नव्हतं. आमच्या पाठ्यपुस्तकाच्या शब्दार्थांत तो शब्द नव्हता. आणि 'मला ठाऊक नाही' हे वाक्य तरुण मास्तराला कुणी शिकवलेलं नसतं. आधी कस्तुरी आली आहे, मग पुढचंही तसलंच काही असणार, असा मी हिशेब केला आणि म्हणालो, "अत्तर असतं, काकू. इराणी. फार भारी."

काकूंनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. म्हणाल्या, "आमच्या घरात अत्तराची कुपी कधी आली नाही." मग बयाजसाठी हात पुढे केला. मी दिली. "लाडू खाऊन जा," म्हणाल्या. मी खाल्ला. दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी कळलं, बयाज बंबात गेली.

त्यानंतरचं तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, फक्त कारण माहीत नाही. त्या पिढीतली बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. 'हे' म्हणायची, 'इकडून' म्हणायची. पुढे मतदार यादीवाले आले तेव्हा सरला तिथेच होती. घरी येऊन मला म्हणाली, "अहो, काकूंनी नाव घेतलं. सरळ 'हरिभाऊ'. जसं वाण्याचं घ्यावं तसं." तेव्हापासून आजतागायत काकू 'हरिभाऊ' म्हणतात. कुणी विषय काढला तर, "हो, हरिभाऊ इथेच राहायचे." आपण सगळे म्हणालो, म्हातारी विक्षिप्त आहे. मीही म्हणालो. मी सर्वांत मोठ्याने म्हणालो.

आता अकरा वर्षांपूर्वीचं सांगतो. खोकला झाला म्हणून सीपरी बाजारात एका हकीमजींच्या दुकानात गेलो होतो. त्यांच्या मागे लहान लहान खणांचं कपाट, प्रत्येक खणावर उर्दू अक्षरांत चिठ्ठी. औषध बांधून होईपर्यंत सवयीने वाचत होतो. तिसऱ्या ओळीत चिठ्ठी होती, अंगूजा.

मी म्हटलं, "हकीमजी, आप इत्र भी रखते हैं?"

"कौन-सा इत्र?"

मी बोट दाखवलं. हकीमजी इतके हसले की चष्मा पुडीत पडला. "मास्टरजी, ये लगाके निकलिए कभी. मोहल्ला खाली हो जाएगा. हींग है, हींग." आणि त्यांनी खण ओढला.

तो वास. या सभागृहात निम्म्या लोकांनी काकूंच्या हातचे उडदाचे पापड खाल्ले आहेत. काकू शेजारून गेल्या तरी हिंगाचा वास येतो, हे लहान पोरंही सांगतील. खडा हिंग स्वतः कुटणार, दुसऱ्याला हात लावू देणार नाहीत. हकीमजींच्या दुकानातल्या बाकावर मी बसून राहिलो. हजार वर्षं फारसीचे कवी कस्तुरी आणि अंबर उधळत आले, आणि झाशीच्या कचेरीतल्या एका कारकुनाने त्या सगळ्या दरबाराला सांगितलं, तुमची कस्तुरी तुम्हाला, आमच्या स्वयंपाकघरातला हिंग मला. बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती. बायकोला काही विचारायचं असलं तरी 'घरात विचारतो' म्हणायची रीत. अशा माणसाला 'ऊ' किती सोयीचा पडला असेल. तीस वर्षं तो एकाच बाईबद्दल लिहीत होता, आणि ती आत तांदूळ निवडत होती.

ती वही आता नाही. त्या ओळी वाचलेला मनुष्य एकच उरला आहे, आणि तो उद्या नागपूरला चालला आहे.

तुम्ही म्हणाल, अकरा वर्षं काय करत होतास? घाबरत होतो. दुसरं काही केलं नाही. तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. दोनदा उंबऱ्यावरून परतलो. तिसऱ्यांदा दार उघडलं.

"काय मधुजी?"

"काही नाही, काकू. नळाला पाणी आलं का?"

"सकाळीच येऊन गेलं."

"बरं, बरं."

इतकंच. बाजारात जायला आमच्या घरून त्यांच्या दारावरूनची वाट जवळची, तरी मी अकरा वर्षं लांबून जातो. सरलेला वाटतं, मी व्यायाम करतो.

त्या चिडतील, ही माझी भीती नाही. चिडाव्यात. मला भीती याची की त्या ऐकतील, आणि मान डोलावतील, आणि मग मोजायला लागतील. पंचेचाळिसाव्या वर्षी विधवा झालेली बाई आज ऐंशीची आहे. नवऱ्याने दुसऱ्या कुणावर जीव लावला या समजुतीवर तिने पस्तीस वर्षं काढली, ती माझ्या एका अत्तरापायी. ही वर्षं मी कुठून आणून देऊ? कधी वाटतं, राहू दे, आता सवय झाली असेल त्यांना. आणि लगेच वाटतं, हे मी त्यांच्यासाठी म्हणतो आहे की माझ्यासाठी?

म्हणून मी एक विनंती करणार आहे, आणि ती करायलाच मी आज उभा राहिलो. उद्या गाडी सुटली की तुमच्यापैकी कुणीतरी, बायकांपैकी कुणी असेल तर बरं, काकूंकडे जावं आणि सांगावं की अंगूजा म्हणजे हिंग. बाकी काही सांगू नका, त्यांना कळेल. मास्तर स्वतः का आले नाहीत, असं विचारलं तर सांगा, ते भित्रे आहेत. हे तरी खरं आहे.

अनंतरावजी मघापासून घड्याळाकडे बघताहेत आणि मला दिसू नये म्हणून कानही खाजवताहेत. आवरतो. या समाजाने चाळीस वर्षं माझ्या कविता सहन केल्या, गणेशोत्सवात मला पहिल्या दिवशीच बोलायला देऊन बाकीचे नऊ दिवस सुखाने काढले, त्याबद्दल आभार. विद्याधरने हार आणला, व्यासपीठ सजवलं, खाली रस्त्यावरही ऐकू जावं म्हणून बाहेर कर्णा लावला, त्याचे आभार. आणि बोलण्याच्या ओघात कुठे पाय घसरला असेल तर तो...

दारात कोण आहे? विद्याधर, बघा जरा. नाही, असू दे, आत येऊ दे त्यांना. आइए दादा, आइए. रिक्षावाले दिसताहेत. कुणाला न्यायला आलात? घाबरू नका, सगळे आपलेच आहेत, मोठ्याने सांगा.

"मास्टरजी आप ही हैं? अम्माजी नीचे रिक्शे में बैठी हैं. खंडेराव गेट से लाए हैं हम. जीना उनसे चढ़ा नहीं जाएगा. कहती हैं, मास्टरजी को बोलो, नीचे आ जाएँ."

कब से बैठी हैं?

"हो गए होंगे बीस-पच्चीस मिनट. हमने कहा, ऊपर खबर कर दें? बोलीं, रुको, सुन लेने दो."

कर्णा. विद्याधर, बाहेरचा कर्णा... नाही, आता बंद करून काय उपयोग.

कुछ कहा उन्होंने?

"बस यही, कि नीचे आ जाएँ."

रो रही हैं?

"अँधेरे में क्या पता, साहब."

सरला, माझा हात धर. नको, बस तू, एकट्यानेच गेलं पाहिजे. अध्यक्षमहाराज, उरलेले आभार माझ्या वतीने तुम्ही माना. चुकांची क्षमा मी तुम्हा सर्वांकडे मागणार होतो. ती आता खाली जाऊन मागतो. दिली तर परत येईन, नाही तर तिथूनच घरी जाईन. चहा माझ्यासाठी थांबवू नका.

चलिए दादा. हळू चला, जरा हळू.