शिवलेला टायर

औरंगपुऱ्यातल्या सायकलच्या दुकानात मी पंक्चरसाठी थांबलो होतो. पन्नाशीच्या एक बाई आपली जुनी शर्यतीची सायकल न्यायला आल्या.

"झाली का, फकिराभाऊ?"

"झाली, चतुराबाई. शर्यतीचा टायर ट्यूबभवती शिवलेला असतो; तो उसवला, ट्यूबला ठिगळ लावलं, काप शिवला, टायर पुन्हा शिवून रिमला चिकटवला. पण रबर लई जुनं हाय. भिंतीवर टांगायला चालंल."

"लेकबी तेच म्हणतो. मला खुलताबादचा घाट चढायचाय."

"या वयात?"

"वीस वर्षांपूर्वीच चढणार व्हते. शर्यतीच्या सकाळी सासऱ्यांनी टायर कापला. म्हणाले, सून सलवार घालून रस्त्यानं पळती, लोक हसत्यात."

"मग घरी बसलात?"

"नाय. फाटक्या टायरवरच निघाले. शहराच्या वेशीपर्यंत गेले, तिथं शर्यतीच्या पंचांनी उतरवलं."

"बरं. पण चिकटवलेलं सुकायला सांज व्हईल. घरी जाऊन या."

"घरी गेले तर लेक अडवंल. स्टूल द्या, हितंच बसते."

तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. फकिरानं दोन शब्द बोलून ठेवला.

"तुमचा लेक व्हता. आई हाय का, विचारत व्हता."

"काय सांगितलं?"

"म्हणलं, कवाच गेल्या. आता घाटात असतील."