रोह्याच्या टबातली माझी आंघोळ

चहा घ्या आणि माझी फजिती ऐका. आमचं हमरापूरला गणपती रंगवायचं काम. सण झाला की स्प्रेगन रिकामीच पडते, म्हणून म्हटलं, लोकांचे जुने बाथटब रंगवून देऊ.

पहिलंच काम मिळालं रोह्याच्या एका काकूंचं. टबाचा मुलामा पार उडालेला. काकू म्हणाल्या, "क्रीम कलर दे." मी टब घासला, खड्ड्यांत लांबी भरली, रंग मिसळून मारला आणि स्वतःवरच खूश झालो.

रंग चांगला वाळल्यावर काकू बघायला आल्या आणि दारातच चपला काढल्या.

"अरे, हा तर बाप्पाच्या अंगाचा रंग! ह्याच्यात मी पाय कसा ठेवू?"

बघतो तर खरंच. हाताने सवयीचाच रंग मिसळला होता.

"काकू, टब हाय तो, देव नाय."

"मग आधी तू आंघोळ कर. म्हणजे त्याचा टब होईल."

नाय म्हटलं असतं, तर सगळा रंग खरवडून पुन्हा मारावा लागला असता. गपचूप हाफ पँटवर आत उतरलो, मांडी घातली, नळ सोडला. माझं पोट हे असं. टबात पाणी कमी, मीच जास्त.

तेवढ्यात काकूंचे मिस्टर बाहेरून आले. दार उघडंच होतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे बायकोला विचारलं,

"अगो, हा दीड दिवसाचा, की अनंत चतुर्दशीपर्यंत ठेवायचा?"