टाचणीचं खरं वय

माननीय अध्यक्ष, संस्थेचे चिटणीस, मुख्याध्यापक सर, व्यासपीठावरचे पाहुणे, माझे सहकारी आणि समोर बसलेल्या, आता मोठ्या झालेल्या माझ्या मुलांनो,

पहिलीच्या प्रवेशाची एक सकाळ तुमच्यापैकी कुणाला आठवते का? वीस मुलं भरली नाहीत तर वर्ग बंद, असा नियम होता आणि पटावर होती एकोणीस. तेवढ्यात, मी ज्यांना वहिनी म्हणते त्या शेजारच्या बाई आपल्या धाकट्याला घेऊन ऑफिसात आल्या. त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. पोरगा इतका बारीक, की पुढे सगळी शाळा त्याला टाचणीच म्हणायची. लिपिक म्हणून पट मीच भरायचे. मी विचारलं, "वय काय रे?"

"पाच."

"सहा म्हण, राजा."

"सहा म्हण, राजा," तो म्हणाला.

सगळं ऑफिस हसलं, वहिनीही हसल्या. मी जन्मसाल एक वर्ष मागे लिहिलं आणि वर्ग वाचला. अशी किती मुलं मी एका फटक्यात मोठी केली! तेव्हा त्यात काही वाईट वाटलं नाही.

पंखा जरा कमी करता का? कागद उडतोय. नको, राहू दे. कागदावरचं वाचायचंच नाही मला.

चिटणीस साहेब मघाशी माझ्या अक्षराचं कौतुक करत होते. मी लहानपणी शिकले त्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टर खाडाखोड दिसली की पान फाडायच्या. ती शिस्त मी जन्मभर मिरवली. छत्तीस वर्षांत रजिस्टरला डाग नाही, असं तुम्हीही म्हणालात. टाळ्या नकोत, कृपा करून.

बारा वर्षांपूर्वी लढाई पेटली होती आणि आपल्या मैदानात भरतीची गाडी उभी होती. अठरा पूर्ण हवे होते. टाचणी सतराचा, पण दाखल्यावर अठराचा. वहिनी हॉस्पिटलची जन्माची चिठ्ठी घेऊन धावत आल्या.

"बाई, तेव्हा तुम्हीच वाढवलंत, आता तुम्हीच कमी करा. एक वर्ष तरी घरात राहील हो."

मी म्हटलं, "वहिनी, पटावरची नोंद बदलता येत नाही."

"खोडून लिहा ना!"

"नाही होत तसं."

त्या गेल्या. चिठ्ठी माझ्या टेबलावरच राहिली.

तो निघण्याआधी भेटायला आला. गणवेशाच्या बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. म्हणाला, "बाई, सरकारलाही माझं माप जमलं नाही बघा." मी बाह्या दुमडून दिल्या. एवढंच केलं मी त्याच्यासाठी. वर्षाच्या आत तो लढाईत मारला गेला. अठरावा वाढदिवस बावीस दिवसांवर होता.

अध्यक्ष महोदय, वेळ झाली हे मला दिसतंय. दोन मिनिटं द्या.

वहिनी, नोंद बदलता येत होती. एक अर्ज, तुमची ती चिठ्ठी आणि मुख्याध्यापकांची सही, एवढंच लागत होतं. दुपारपर्यंत काम झालं असतं. मला ठाऊक होतं. पण एक वय उघड झालं असतं तर बाकीचीही निघाली असती, माझी नोकरी गेली असती. आणि खरं सांगू? ते स्वच्छ पान खराब करायला हात धजला नाही. तुम्ही बारा वर्षं स्वतःला दोष देताय, की मीच उशिरा गेले. तुम्ही वेळेवर आला होतात.

या निरोपासाठी तुम्ही सगळे जमलात, मी ऋणी आहे. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, बोलण्यात मागेपुढे झालं असेल, तर तेवढं पोटात घाला. बाकीच्याची माफी या माइकवरून मागण्यासारखी नाही.

आता सामानाचं सांगते. कपाटाच्या किल्ल्या आणि शाळेचा शिक्का नव्या लिपिक बाईंना. माझी उंच खुर्ची शिपाईमामांना, त्यांचे गुडघे दुखतात. मुख्याध्यापक सर, तुमच्यासमोरच्या लिफाफ्यात वयदुरुस्तीचे अर्ज आहेत, मला आठवतात तेवढ्या सगळ्या मुलांचे. सर्वांत वरचा टाचणीचा. चौकशी झाली तर माझं नाव द्या. बाहेरच्या भिंतीवर झाकून ठेवलेला त्याचा स्मृतिफलक आज उघडू नका. त्यावर "वय अठरा" कोरलंय. तो पाथरवटाला परत द्या.

आणि हॉस्पिटलची चिठ्ठी वहिनींना. ती कुणी मध्ये घेऊ नका. मीच खाली येते आहे. हातात घ्यायची की नाही, ते त्यांनी ठरवायचं.