घराण्यात असं कुणी नव्हतं

— न्हाई मॅडम, आदी त्यो मोबाईल पालथा ठेवा, मंग बोलते. आन सुई पिशवीतच राहू द्या. दवाखान्यातनं आल्या तशा बसा, चहा घ्या, मोहिनीला बघा — चार वर्साची झाली माझी नात, मान धरीत न्हाई, नजर ठरत न्हाई — पण रगत कावून पाह्यजे? तिचं नेलं की मागच्या टायमाला. आता म्हणता घरातल्या सगळ्यांचं, माझंबी. माझं कावून? मी काय आजारी हाय? मागं असाच एक डॉक्टर गोड बोललता — छबुबाई, कॅन्सर होईल, गर्भाची पिशवी काढून टाका. तिशीबी सरली नव्हती माझी. घेतला अंगठा, काढली पिशवी. कॅन्सर होता का? कुणाला ठाव. तवापास्नं कागद दिसला की मी अंगठा मुठीत झाकते.

तुमी सांगितलेलं ध्यानात हाय, मी काय येडी न्हाई. बाळ पोटात असताना मेंदूच्या पेशी खोल आत तयार होतात, मंग चालत वर येतात — बरोबर? आन पेशींच्या मधी जे बारीक जाळं असतंय, ते त्यांना वाट दावतं. वर त्याचाच पडदा असतो, त्यो म्हणतो, बास, हितं थांबा. मोहिनीच्या पडद्याला भोकं राहिली, पेशी भाईर सांडल्या. आमी मेंढरावाली माणसं, मेंढरं कोंडायच्या जाळीला वाघूर म्हणतो — ती फाटल्यावर काय व्हतं ते मला शिकवू नका. पण तुमी म्हणता हे आईबापाकडनं आलं, दोघांकडनं. हितंच मला तुमचा संशय येतो. कुणी पाठवलं तुमाला? सुनेनं फोन केलता? वर्षाराणीनंच केला असंल.

सून हाय, आन माझ्या सख्ख्या भावाची पोरगीबी, गहिनीनाथची. माझ्या पोराला, अभिमन्यूला, मामाची पोरगी केली, आमच्यात चालतंय. हट्ट माझाच. मंग लेकरू असं निघाल्यावर गावाला काय सांगायचं? — सांगितलं, ही पोटुशी असताना उसाच्या मोळ्या उचलीत व्हती, म्हणून झालं. मीच सांगितलं. तिलाबी तेच वाटतं. चार वर्सं झाली, मोळीचं नाव निघालं की पोरगी खाली बघती.

मोळ्यांनी व्हत न्हाई म्हणता? बरं. न्हाई तर न्हाई.

पुन्ना तेच — घराण्यात असं आणखी कुणी व्हतं का? न्हाई म्हणलं ना. तीनदा काय विचारता? अवो, असलं तरी कुणाला दिसणार, तवा दवाखाना कुठं व्हता, सत्यभामाला तर उजेडातबी काढीत नव्हते —

कोण सत्यभामा? कुणी न्हाई. असंच तोंडातनं आलं.

...धाकटी भैन माझी. झालं समाधान? मान न्हाई, नजर न्हाई, अशीच. तीन वर्साची होऊन वारली. आईनं मला आन गहिनीनाथला देवापुढं उभं केलं — नाव काढायचं न्हाई, काढलं तर तुमाला सोयरीक मिळायची न्हाई. न्हाई काढलं आमी. ह्या लग्नाची सुपारी फुटली तवा गहिनीनाथनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. बोललं कोण? कुणीच न्हाई. मोहिनी महिन्याची झाली आन मी वळखलं. नजर तीच. तरीबी मोळ्याच सांगितल्या.

खोडा ते. लिवलंय ते खोडा, मॅडम. वर्षाराणीला पुन्ना तिसरा महिना चालू हाय, असल्यात तिला कळलं तर — काय? त्यासाठीच रगत पाह्यजे? पोटातल्याचं आत्ताच तपासून कळतं? मंग हे आदी कावून न्हाई सांगितलं — सांगितलंय? कुणाला? तिला?

मला कुणी न्हाई बोललं. माझ्याच घरात.

तुमी दाराकडं काय बघायल्या?

वर्षे. कवा आलीस गं? हंडा उतर खाली, अशी उभी राहू नको, दोन जिवाची हायस. — बस तरी. हात कावून पुढं केला मॅडमच्या? माझ्याकडं बघ की. मॅडम, थांबा, तिचं नगं, आदी माझं घ्या. ही बाही सारली वर. घ्या आन जावा तुमी, दार वढून घ्या जाताना. वर्षे, बोल कायतरी. शिव्या दे पायजे तर.

वर्षे.