चौथ्या खाटेचे तीन चमचे

आदरणीय अध्यक्ष, संचालक महोदय, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते अतिदक्षता विभागाचे प्रमुख डॉक्टर एवारिस्तो तेराझास, आणि खिमा भरलेल्या गरम सालतेन्यांचा वास घेत माझं भाषण संपायची वाट बघणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

मी सेनोबिया. कोचाबाम्बाच्या या सरकारी इस्पितळात एकवीस वर्षं रोग्यांच्या नळीतलं अन्न तयार करते. कौतुकासाठी मला पाच मिनिटं दिलीत. करते की! बेशुद्ध माणसाला उपाशी ठेवायचं नाही, हे आम्हाला डॉक्टरांनीच शिकवलं. भाजलेल्या रोग्यांना ग्लुटामिन हे अमिनो आम्ल त्यांनीच सुरू केलं, आणि काही जखमा खरंच भरल्या. तिथंच घात झाला. यांच्या सहीचा कागद भिंतीवर लागला: प्रत्येक खाटेला रोज तीन चमचे ग्लुटामिनची पावडर. प्रत्येक म्हणजे प्रत्येक.

कासिल्दाबाई आठवतात, डॉक्टर? बाजारात चिचा, मक्याची दारू, विकायच्या. न्यूमोनिया, मूत्रपिंडं बंद, रक्तातला युरिया रोज चढता. अशा रोग्यांना भरपूर ग्लुटामिन दिलं तर मृत्यू वाढतात, असा परदेशातला अभ्यास मी छापून आणला. तुम्ही त्यावर कॉफीचा कप ठेवलात आणि लाडात म्हणालात:

"सेनोबिता, तू आपले चमचे मोज. बाई कशी टुणटुणीत उठते बघ!"

आणि मी? मोजले. नऊ दिवस मोजले! दहाव्या दिवशी त्या गेल्या. पावडरीनंच गेल्या असं मी म्हणत नाही, कदाचित तशाही गेल्या असत्या. पण मला सगळं माहीत होतं, आणि तरी मी चमचे घातले. लाज वाटते मला.

तुम्ही उद्यापासून मोकळे. कागद मात्र भिंतीवरच आहे. चौथ्या खाटेवर एक शाळामास्तर आहेत, परवापासून लघवी बंद. सकाळी मी त्यांची पावडर बंद करा म्हणायला तुमच्याकडे आले, तर म्हणालात, "जाता जाता माझ्या कामाला काळं फासू नकोस गं."

हा कागद रद्द केल्याचा आदेश लिहून आणलाय. हे पेन. सगळ्यांदेखत सही करता, डॉक्टर?

नाही? बरं.

आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. कुणाचं मन दुखावलं असेल तर चूक पदरात घ्या. मास्तरांच्या अन्नाच्या पिशवीत आज मी पावडर घातलेली नाही, उद्याही घालणार नाही. नव्या प्रमुखांना चौकशी करायची असेल तर माझी करावी. मी खाली स्वयंपाकघरातच असते.