दुसरी गड्डी

सगळ्यांत आधी कोण आलं म्हणाल, तर मीच. हॉलला कुलूप होतं तेव्हापासून पायरीवर बसलेय. शिपाईदादा म्हणाले, "आजी, अजून वेळ आहे." म्हटलं, असू दे, पुढची जागा तर मिळेल. शेजारच्या खुर्चीवर माझी पिशवी आहे, ती मात्र कोणी हलवू नका.

तर आजच्या समारंभाच्या अध्यक्ष मॅनेजरबाई, मोठ्या कचेरीतून आलेले पाहुणे, निरोप घेणारे आपले कॅशियरसाहेब, त्यांच्या सौभाग्यवती आणि समोरची सगळी मंडळी, सर्वांना नमस्कार. शाळा माझी दुसरीपर्यंत. नात म्हणाली, भाषण मी लिहून देते. पण तिचं अक्षर मला लागत नाही, म्हणून माझं मीच लिहिलंय.

एवढी शिकलेली माणसं सोडून मला का बोलायला लावलं? कारण या सज्जन माणसाला भर बँकेत चोर म्हणणारी मी एकटीच.

आमच्या दुकानाचं भाडं माझ्या खात्यात जमा होतं. अर्धं माझं, अर्धं धाकट्या जावेचं. दर महिन्याला दोघी जोडीनं खिडकीशी उभ्या. साहेब न सांगता दोन गड्ड्या करायचे, एक मला, एक तिला. धाकटी आपल्या गड्डीच्या वरच्या नोटेचा कोपरा दुमडून ठेवायची. "ताई, घरी गेल्यावर तुमची कुठली नि माझी कुठली, यावरून वाद नको." आम्ही चुलीवरून भांडलो, नळावरून भांडलो, पैशावरून कधी नाही.

हिवाळ्यात धाकटी गेली. तिच्या कपाटाला तिनंच लावलेलं कुलूप मी तसंच ठेवलं. किल्ली माझ्या कमरेला.

त्यानंतर पहिल्यांदाच मी एकटी भाडं काढायला गेले. घरी येऊन पाहते तो पिशवीत एकच गड्डी.

सकाळी बँकेत आले आणि तोंड सोडलं. कोणीतरी पाटी दाखवली, खिडकी सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्या, नंतर तक्रार चालणार नाही. म्हटलं, पाटी तुमच्या डोक्यावर लावलीय, माझ्या डोळ्यांपुढे नाही. साहेब मात्र शांतपणे म्हणाले, "मोठ्या काकू, दुसरी धाकट्या काकूंनी घेतली की. तुमच्या शेजारीच तर उभ्या होत्या."

म्हटलं, "मेलेल्या बाईवर आळ घेता? जिभेला काही हाड?"

ती गेल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं.

चौकशी लागली. निवृत्तीचे पैसे अडकले. यांच्या सौभाग्यवती माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "उभी हयात दुसऱ्यांचे पैसे मोजले, काकू, आणि जाताना चोर म्हणून जायचं?" मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

मग मॅनेजरबाईंनी मला कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलं. खिडकीशी मी. गड्डी घेते. आणि मंडळी, मी बाजूला सरकते. शेजारी कोणी नसताना, कोणाला तरी पुढे येऊ द्यावं तशी. साहेब हसून काही बोलतात, दुसरी गड्डी रिकाम्या जागेपुढे ठेवतात. ती तिथे दिसते. मग दिसत नाही. बाईंनी चित्र मागे नेऊन पुन्हा लावलं. शेवटी त्यांनीच यंत्र बंद केलं आणि हळूच विचारलं, "आजी, तुम्ही सरकलात का?"

मला आठवत नाही हो. सवय, दुसरं काय.

साहेबांना विचारलं, तिच्याशी काय बोललात? म्हणाले, "म्हटलं, बऱ्याच दिवसांनी दिसलात. त्या म्हणाल्या, फार गारठा आहे, आणि शाल कपाटातच राहिली."

घरी येऊन सुनेदेखत कुलूप काढलं. शाल खालच्या खणात. घडी उलगडली तर आत गड्डी. पट्टीवर साहेबांची सही, त्याच दिवसाचा शिक्का. वरच्या नोटेचा कोपरा दुमडलेला. आणि शाल ऊबदार, आत्ताच कोणी अंगावरून काढल्यासारखी.

सून किंचाळत अंगणात गेली. मला मात्र हसू फुटलं. हिशेबाला पक्की माझी बाई, मरूनसुद्धा वाटा सोडला नाही.

तक्रार मागे घेतली. मॅनेजरबाई म्हणाल्या, कारण काय लिहू? म्हटलं, लिहा, गड्डी घरातच सापडली. खोटं आहे का? साहेबांचे पैसे सुटले. भर बँकेत काढलेला शब्द आज भर हॉलात परत घेते, साहेब. तुमच्या हातून कधी चूक झाली नाही.

मला बोलू दिलंत, सगळ्यांची आभारी आहे. बोलण्यात काही कमी पडलं असेल, काही जास्त झालं असेल, तर मी ही जागा सोडण्यापूर्वी सांगा, नंतर तक्रार चालणार नाही.

आणि हो, परवा साहेब जोडीनं आमच्याकडे चहाला आले होते. यावेळी मी पाणीही दिलं, चहाही. निघताना मला वाकून नमस्कार केला. मग माझ्या शेजारी, जिथे कोणी नव्हतं, तिकडे मान लववून म्हणाले, "हो हो, नक्की. रविवारी येतो."

मी तर त्यांना काही विचारलंच नव्हतं.